मोटारबोटीच्या पायाखालची फळी

मोटारबोटीत पाऊल टाकल्यावर आपण ज्या फळीवर उभे राहतो, ती बोटीचा तळ नव्हे. खरा तळ तिच्याखाली वीत-दीड वीत खोल असतो. या दोहोंमध्ये जी अंधारी पोकळी उरते, तीत बोटीचे बरेचसे दैव ठरत असते. इंजिन सुरळीत चालते आहे, रंग ताजा आहे, आणि एके दिवशी चालताना फळी किंचित लवते. टाच टेकली की स्पंजावर टेकल्यासारखे वाटते. पुष्कळ मालक तेथे एक चटई अंथरतात आणि दिवस ढकलतात. तसे करू नये. छोट्या बोटीत ही जमीन केवळ उभे राहण्यासाठी नसते. ती दोन्ही बाजूंना बांधून धरते. ती कुजली म्हणजे लाटेचा प्रत्येक तडाखा बोटीच्या अंगाला पिळू लागतो.

लाकूड कुजते ते पाण्याने, असे आपण सहज म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. लाकूड खाते ती बुरशी. तिला ओल हवी, हवा हवी आणि ऊब हवी. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला तर बुरशीचे काही चालत नाही. उलट लाकूड सदैव पाण्यात बुडून राहिले, तर हवेवाचून तिचा कोंडमारा होतो. संकट असते ते या दोहोंच्या मध्ये, म्हणजे नेमके त्या अंधाऱ्या पोकळीत. आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल: खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक. मीठ बुरशीला मानवत नाही. म्हणून समुद्रात वापरलेल्या बोटीपेक्षा पावसात उघडी पडलेली बोट पुष्कळदा आधी कुजते. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते खरी, पण तो शत्रू बाहेरून येतो, हा घरातला.

दुखणे जुनेच आहे. इंग्लंडच्या आरमाराचा कारभार पाहणारे सॅम्युएल पेपिस यांनी १६९० साली छापलेल्या आपल्या आठवणींत, गोदीत नुसत्या उभ्या राहिलेल्या नव्या जहाजांत मुठीएवढ्या कुत्र्याच्या छत्र्या उगवल्याचे नमूद केले आहे. वारा न मिळाल्याचा तो परिणाम. याच्या उलट, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या हाताखाली मलबारी सागाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. साग तेलकट असतो, बुरशीला सहसा दाद देत नाही. परंतु आपल्या साध्या मोटारबोटींची जमीन सागाची कोठून असणार? ती बहुधा प्लायवूडची असते.

कूज ओळखावी कशी? हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजके भद्द वाजते. मग दाभण टोचून वर उचकटावे: चांगल्या लाकडाची लांब ढलपी निघते, कुजक्याचा तुकडा कटकन मोडतो. तपकिरी, चौकोनी भेगा पडलेले लाकूड दिसले, तर बुरशीने त्यातला ताणा खाऊन टाकला आणि सांगाडा तेवढा मागे ठेवला, असे समजावे.

कोकणातील एका खाडीत माणसे ने-आण करणाऱ्या एका सरकारी लाँचची फाईल काही काळ माझ्या मेजावर होती. कागदांप्रमाणे तिची दुरुस्ती दोनच वर्षांपूर्वी झाली होती. सुताराने जमीन उचकटली, तेव्हा कुजक्या प्लायवर नवी प्लाय ठोकून वरून रंग दिलेला आढळला. जिला हाकलायचे, त्या बुरशीवर सरकारी खर्चाने छप्पर घातले गेले होते! लाँच मोडीत काढावी, असा शेरा तयार होता. इंजिन ज्यावर बसते त्या आडव्या-उभ्या तुळया आणि कणा तपासून पाहा, एवढेच मी लिहिले. ते शाबूत निघाले. असा निर्णय फळी पाहून घ्यायचा नसतो. कणा आणि तुळया पाहून घ्यायचा असतो. त्या गेल्या असतील, तर नव्या जमिनीवर पैसा घालणे व्यर्थ.

काम पावसाळा संपल्यावर घ्यावे. बोट किनाऱ्यावर ओढून तिला जागोजाग नीट टेके द्यावेत, नाहीतर जमीन काढताच अंग वाकडे होते आणि नवी जमीन त्या वाकडेपणाला कायम करते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती याच पोकळीत साचून राहते. म्हणून यांत्रिक करवत लावण्यापूर्वी टाकी काढून पोकळीत मोकळा वारा खेळू द्यावा. जुनी फळी शक्यतो अखंड काढावी. ती कितीही कुजकी असली, तरी नव्या फळीचा साचा तीच.

दिसणाऱ्या कुजीपाशी करवत थांबवू नये. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून पुढे गेलेले असतात. हातभर पुढचे चांगले लाकूडही कापून टाकावे. कुजीवर पातळ रसायन ओतून ती ‘कडक’ करण्याचा सल्ला बाजारात मिळतो. खिडकीच्या चौकटीला तो चालेल. ज्यावर माणसे उभी राहणार तेथे नाही. जोड तिरका तासावा, जाडीच्या आठपट लांबीचा: १२ मिलिमीटरच्या प्लायला सुमारे १०० मिलिमीटर उतार. प्लाय मरीन दर्जाची, म्हणजे भारतीय मानक ७१० ची घ्यावी. तिचा डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही. मात्र कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर तीही पाणी पिते. म्हणून सहाही बाजूंना, विशेषतः कडांना, एपॉक्सीचे तीन हात द्यावेत, आणि तेही लाकूड पूर्ण वाळल्यावरच. ओले लाकूड बंद करणे म्हणजे ओल आतच कोंडणे. स्क्रूचे भोक आधी मोठे पाडून एपॉक्सीने भरावे व त्यातच पुन्हा लहान भोक घ्यावे. लोखंडी स्क्रू नकोतच. पितळेतील जस्तही खाऱ्या पाण्यात झिजून जाते आणि स्क्रू गुलाबी, ठिसूळ होतो. ब्राँझ महाग असले तरी तेच घ्यावे.

सर्वांत स्वस्त काम मात्र सर्वांत अधिक विसरले जाते. आडव्या तुळयांना खालून लहान भोके असतात, त्यांतून पाणी उपसण्याच्या जागेकडे वाहते. भुसा, रंगाचे पोपडे, वाळू यांनी ती बुजतात. नवी जमीन बसवण्यापूर्वी त्यांतून तार फिरवावी, आणि जमिनीत हात जाईल एवढी एक-दोन झाकणे ठेवावीत. पहिल्या पावसानंतर ती उघडून, आत हात घालून पाहावे.