ट्रकचा हब नट जोर लावून आवळताय? आधी हे वाचा

ब्रेक लायनर घरीच बदलताना ड्रमसोबत हबही उतरवला, तर परत बसवताना हब नट किती आवळायचा? व्हील नट ठरलेल्या टॉर्कला घट्टच हवेत. हब नट मात्र टेपर रोलर बेअरिंगमधली फट ठरवतो. तो जास्त आवळला तर बेअरिंग तापते, ग्रीस जळते. सैल राहिला तर चाक डगमगते, सील गळून लायनर तेलकट होतात. दोन्हींत चाक निखळण्याचा धोका आहे.

काय कराल? हब फिरवत नट आवळा, म्हणजे रोलर नीट बसतील. मग तो सैल करा, हलका आवळा आणि मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच मागे घ्या. अनेक ट्रकमध्ये ही फट ०.०२५ ते ०.१२७ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी असते. त्यामुळे हाताच्या अंदाजावर न जाता ती डायल गेजने मोजा. शेवटी नट लॉक करा. स्प्लिट पिन असेल तर नवीच घाला.