वाऱ्यातला ऱ

सकाळी सव्वासहाला उठले की खिडकी उघडायची की नाही, हे मी आधी नाकाने ठरवते. देवनारमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना ही सवय असते. वारा कचऱ्याच्या डम्पिंगकडून येत असेल तर खिडकी बंद, नाहीतर सताड उघडी. मग चहा टाकायचा आणि तो उकळेपर्यंत फोनवर बातम्या चाळायच्या. आपण झोपलेलो असताना तिकडे कॅलिफोर्नियात उजाडलेलं असतं, त्यामुळे नवा फोन, नवं ॲप, कुठल्याशा कंपनीची घोषणा, हे सगळं आपल्याकडे चहाबरोबरच येतं.

गेली बारा वर्षं मी एका नियतकालिकासाठी आठवड्याला दोन छोटे लेख लिहिते. एक फोन-संगणकांवर, एक सिनेमा-मालिकांवर. नोकरी वेगळी आहे, ती फोर्टात. लिहायला मिळतो तो सकाळचा पाऊण तास आणि गोवंडी ते सीएसएमटी हा हार्बरचा प्रवास. बसायला मिळालं तर चारशे शब्द होतात. उभं राहावं लागलं तर दोनशे, तेही एका अंगठ्याने.

या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, दोन अक्षरांत. एक ॲ आणि दुसरा ऱ.

आधी ॲ. ‘ॲप’ हा शब्द मला रोज दहा-वीस वेळा लिहावा लागतो. लोक तो तीन तऱ्हांनी लिहितात. काही जण ए वर चंद्र देऊन ‘ऍप’ लिहितात. काही जण आधी अ टाइप करतात आणि मग त्याच्यावर चंद्र चढवतात. उरलेले थेट ॲ हे एकच अक्षर वापरतात. दुसरी आणि तिसरी तऱ्हा डोळ्यांना बहुतेक वेळा सारखीच दिसते, पण संगणक अक्षराचं रूप बघत नाही, त्याचा क्रमांक बघतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी तिथे 1991च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण ॲ ला स्वतःचा क्रमांक मिळायला 2008 उजाडलं. ‘बॅट’, ‘कॅमेरा’ लिहायला अडचण नव्हती, कारण व्यंजनावर चंद्र देता येत होता. अडायचं ते शब्दाच्या सुरुवातीला: ॲसिड, ॲल्युमिनियम, ॲम्ब्युलन्स. पुढे नोव्हेंबर 2009 मध्ये राज्य सरकारने वर्णमालेचा शासननिर्णय काढला आणि ॲ, ऑ यांना स्वरांमध्ये बसवलं. जो ॲ मराठी माणूस कित्येक पिढ्या तोंडाने बोलत होता, तो यंत्रात आणि वर्णमालेत सुमारे दीड वर्षाच्या अंतराने आला. मला ही दोन्ही कामं फार मोलाची वाटतात.

हा अक्षरांचा कीस नाही. एखाद्या बाईला अंगात रक्त कमी असल्याचं डॉक्टर सांगतात. ती घरी येऊन फोनवर मराठीत ‘ॲनिमिया’ शोधते. चांगली माहिती लिहिणाऱ्याने तोच शब्द अ आणि चंद्र असा दोन तुकड्यांत लिहिला असेल, आणि शोधणाऱ्या यंत्राला ते दोन्ही एकच आहेत हे शिकवलेलं नसेल, तर ती माहिती असूनही तिला सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक ॲ तपासते. कर्सर अक्षराच्या मागे ठेवायचा आणि एकदा खोडायचं. अख्खं अक्षर गेलं तर बरोबर. नुसता चंद्र गेला आणि अ मागे उरला, तर पुन्हा लिहायचं.

ऱ ची गोष्ट याहून जिवाला लागणारी आहे. वाऱ्या, दऱ्या, तऱ्हा, गाऱ्हाणं, बिऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ. यातला र वर रफार होऊन चढत नाही, पुढच्या अक्षराला डोळ्याच्या पापणीसारखा चिकटून बसतो. य आणि ह यांच्याशीच त्याची ही सोयरीक. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कितीतरी कीबोर्डांत तो चटकन हाताला लागत नाही. माझ्या फोनवर र दाबून धरला की वर ऱ येतो. बोट तिकडे सरकवायचं, मग हलन्त, मग य. वाशीहून आलेल्या गर्दीच्या गाडीत, कुर्ल्याला लोंढा आत शिरत असताना, हे करायला हात स्थिर लागतो. संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये मात्र सोपं आहे: जे च्या कळीवर र आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ऱ.

नुसता क्रमांक मिळून भागत नाही. त्या अक्षराचं रूप कुणीतरी हाताने घडवावं लागतं, जोडाक्षरात ते कसं वागेल हे बांधावं लागतं. र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइन विभागात अक्षररचना शिकवायचे. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो मंगल फाँट वापरला, तो त्यांचा. ते 2008 मध्ये गेले. त्यांच्यासारख्यांनी आधीच घाम गाळला म्हणून मला आज अंगठ्याने मराठी लिहिता येतं.

तरीही एकदा घात झालाच. काही वर्षांपूर्वी एका छापील अंकासाठी मी सिनेमातल्या स्वयंपाकघरांवर लेख दिला होता. त्यात हृषीकेश मुखर्जींच्या 1972च्या ‘बावर्ची’वर मोठा परिच्छेद होता. मी लिहिलं होतं, राजेश खन्ना या घरात आचाऱ्याच्या रूपाने येतो. तिथे मजकूर युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये उतरवून घेत असत. त्या उतरवण्यात ऱ चा रफार झाला. अंकात छापून आलं, राजेश खन्ना आचार्याच्या रूपाने येतो. पापणी गेली आणि स्वयंपाकी गुरुजी झाला. त्या चित्रपटात रघू हा आचारी शेवटी प्राध्यापक निघतो, त्यामुळे वाचणाऱ्यांना वाटलं की मी लेखाच्या सुरुवातीलाच शेवट सांगून टाकला. एका वयस्कर वाचकाने फोन करून ही तक्रार केली. त्यांना मी काय घडलं ते समजावलं, तेव्हा ते म्हणाले, “ताई, म्हणजे चूक तुमची नाही, पण नाव तुमचं.” त्या दिवसापासून मी मजकुरासोबत छापील प्रत पाठवते आणि तिच्यावर प्रत्येक ऱ्य, ऱ्ह भोवती लाल गोल करते.

शब्द कुठले वापरायचे हे मी गाडीतल्या बायकांकडून शिकते. इंग्रजी बातमीत बॅटरीची क्षमता आकड्यात दिलेली असते. डब्यात मात्र सगळ्याजणी म्हणतात, “माझं चार्जिंग संपलं.” म्हणून मी लिहिते, या फोनचं चार्जिंग दिवसभर पुरतं. ‘अपडेट’ आला, आली की आलं? चेंबूरला चढणाऱ्या कॉलेजच्या मुली “फोनला अपडेट आलंय” म्हणतात, तेव्हा ते नपुंसकलिंगी. ‘रील’वर अजून एकमत नाही. निम्म्या मुली “रील टाकली” म्हणतात, निम्म्या “टाकलं”. मी गेलं वर्षभर टाकलं लिहिते आहे आणि कान उघडे ठेवून आहे.

सिनेमाच्या लेखांना मात्र घराबाहेर पडलं की विषय मिळतो. देवनार फार्म रोडवर, टाटा समाजविज्ञान संस्थेला लागून, राज कपूरचा बंगला होता. फेब्रुवारी 2023 मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतल्याची बातमी आली. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ सप्टेंबर 2017 मध्ये आगीत सापडला होता, तोही 2019 मध्येच त्याच कंपनीकडे गेला होता. बंगल्याच्या बातमीवर मी रात्री बसून लिहिलं. मोठी माणसं, मोठं घर, पण शेवटी तेही एक हललेलं बिऱ्हाडच, असं वाक्य होतं त्यात. ‘बिऱ्हाड’ला मी तीनदा परत जाऊन आले.

सध्या एक काम हाती घेतलं आहे. जुने सगळे लेख एका जागी आणते आहे. ‘ॲप’ असा शोध घेतला तर अर्धेच लेख सापडले, बाकीच्यांत तो अ आणि चंद्र असा लिहिलेला होता, मीच लिहिलेला. ऱ्य चंही तेच. काही ठिकाणी ऱ वापरून लिहिलेला, काही ठिकाणी र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर एकसारखे, आत वेगळे. एका फटक्यात सगळे बदलता येतात, पण त्यात चुकून ‘आचार्य’ आणि ‘सूर्य’ मधल्या रफाराला धक्का लागायला नको, म्हणून मी एकेक लेख उघडून वाचते आणि हाताने दुरुस्त करते.

काल रात्री जानेवारी 2016 पर्यंत पोहोचले. त्या महिन्याच्या अखेरीस इथल्या डम्पिंगला आग लागली होती. 1927 पासून कचरा साचत आलेला तो डोंगर कित्येक दिवस धुमसत राहिला, पालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. मी त्या आठवड्यात फोनवर हवा मोजणाऱ्या ॲपवर लेख दिला होता, खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून लिहिलेला. त्यात ‘वाऱ्याने’, ‘वाऱ्याबरोबर’, ‘वाऱ्यावर’ असे मिळून सात वेळा ऱ आहे. पाच बरोबर होते. उरलेले दोन खोडून पुन्हा लिहिले, फाइल साठवली आणि उठून खिडकीशी गेले. वारा पश्चिमेचा होता. खिडकी उघडी ठेवून झोपले.