स्वच्छ हवेचे आश्वासन आणि नियमनाचा खर्च

हवेचे प्रदूषण हा विषय भारतातील निवडणूक जाहीरनाम्यांत तुलनेने उशिरा आला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने १०२ अतिप्रदूषित शहरांवर लक्ष केंद्रित करून पाच वर्षांत प्रदूषण किमान ३५ टक्क्यांनी घटविण्याचे आश्वासन दिले. काँग्रेस पक्षाने या समस्येचे वर्णन सार्वजनिक आरोग्यविषयक राष्ट्रीय आणीबाणी असे केले. २०२० च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत आम आदमी पक्षाने प्रदूषण घटविण्याची आणि दोन कोटींहून अधिक झाडे लावण्याची हमी दिली. उद्दिष्टाबाबत पक्षांमध्ये मतभेद नाहीत. खरा प्रश्न साधनांचा आहे: निर्बंध कोणावर घालावयाचे आणि त्यांचा खर्च कोणी सोसावयाचा?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रदूषण हा बाह्य खर्च आहे. तो निर्माण करणाऱ्याच्या हिशेबात येत नाही. श्वास घेणाऱ्याला मात्र सोसावा लागतो. नियमनाचा लाभ कोट्यवधी लोकांत विखुरलेला व विलंबाने मिळणारा असतो, तर भार मोजक्या गटांवर ताबडतोब पडतो. साहजिकच लाभार्थी असंघटित राहतात आणि भार सोसणारे संघटित होतात. त्यामुळे उमेदवार उद्दिष्ट जाहीर करतात; निर्बंधांविषयी मौन पाळतात.

भाताचे अवशेष जाळण्याचा प्रश्न याचे उत्तम उदाहरण होय. भूजल वाचविण्यासाठी पंजाब व हरियाणाने २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी लांबविली. परिणामी भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांतील अवधी कमी झाला आणि शेत मोकळे करण्यासाठी आग लावणे हाच स्वस्त मार्ग ठरला. २०२० च्या वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या अध्यादेशात नियमभंगासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. शेतकरी आंदोलनानंतर, २०२१ च्या कायद्यात शेतकऱ्यांना या दंडात्मक कलमातून वगळण्यात आले. पर्यावरणीय भरपाईची तरतूद मात्र ठेवण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भरपाईची रक्कम दुप्पट करून जमीनधारणेनुसार ५,००० ते ३०,००० रुपये करण्यात आली.

औष्णिक वीज केंद्रांबाबतही हाच ताण दिसतो. डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनासाठी मानके ठरली व २०१७ ची मुदत देण्यात आली. ही मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या मानकातून सूट मिळाली. यंत्रणेचा खर्च आणि भारतीय कोळशातील गंधकाचे अल्प प्रमाण ही सूट देण्यामागील प्रमुख कारणे होती. टीकाकारांनी आरोग्यावरील परिणामांकडे लक्ष वेधले.

दुसरी अडचण अधिकारक्षेत्राची आहे. वारा मतदारसंघाची सीमा मानत नाही. दिल्लीतील उमेदवार दिल्लीच्या मतदारांना उत्तरदायी असतो, पण हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या धुराचा काही भाग शेजारच्या राज्यांतून येतो. १९८१ च्या वायू प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार अंमलबजावणी मुख्यतः राज्य मंडळांकडे आहे. म्हणूनच राजधानी प्रदेश व लगतच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला.

नियमन म्हणजे केवळ बंदी किंवा शिक्षा नव्हे. २०१९ मध्ये सूरत येथे कारखान्यांच्या धूलिकणांसाठी उत्सर्जन परवान्यांची बाजारपेठ सुरू झाली. एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालून परवान्यांच्या खरेदी-विक्रीस मुभा दिल्याने सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले.

कोणत्याही जाहीरनाम्याचे मूल्यमापन तीन प्रश्नांनी करता येते. घट कोणत्या आधारवर्षाच्या तुलनेत मोजली जाईल? खर्च उत्पादक, ग्राहक की सरकारी तिजोरी सोसेल? अंमलबजावणीचा अधिकार कोणत्या संस्थेकडे असेल? २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले: प्रथम २०१७ आणि पुढे २०१९-२० हे आधारवर्ष धरून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घटीचे लक्ष्य ठरविण्यात आले. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे जो उमेदवार मतदानापूर्वी देतो, त्याच्याच आश्वासनाची पुढे तपासणी करता येते.