गोठ्यातील गुणाकार, कुंपणातील क्षेत्रफळ

इस्राएलात वाढणाऱ्या आपल्या मुलांचे शिक्षण हिब्रूतून होते, हे स्वाभाविक आहे आणि इष्टही आहे. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम कित्येक घरांत दिसून येतो. नातवंडे गणिताची वही उघडून बसली की आजी-आजोबा आपण होऊन बाजूला सरतात. ‘शाळेची भाषा आम्हांस नीट येत नाही,’ असे ते म्हणतात. ज्या पिढीने तिसापर्यंतचे पाढे आणि त्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी मुखोद्गत केली, तिने नातवंडांच्या साध्या गुणाकारापासून दूर राहावे, हे त्या विद्येचे नुकसान तर आहेच, पण त्या नात्याचेही आहे.

खरी अडचण संख्यांच्या नावांची असते. २१ या संख्येला आपण ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे आधी एक व मागाहून वीस. हिब्रूत ‘एस्रीम वे-अहात’, म्हणजे आधी वीस व मागाहून एक. त्यामुळे आजोबांचा ‘त्रेपन्न’ ऐकून नातू गोंधळतो. ही अडचण केवळ आपलीच आहे असेही नव्हे. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा तिच्यावर बरीच चर्चा व टीका झाली होती. आपल्या घरापुरता उपाय सोपा आहे. आजोबांनी मराठीत बोलावे, नातवाने हिब्रूत बोलावे आणि उत्तर मात्र दोघांनी आकड्यांत लिहावे. हिब्रू अक्षरे उजवीकडून डावीकडे चालत असली तरी संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात. कागदावर वाद उरत नाही.

पाढा पाठ असावा, यात शंका नाही. तथापि नुसत्या पाठांतराने गुणाकार म्हणजे काय हे कळत नाही. तो डोळ्यांना दिसला पाहिजे, आणि तो दिसतो क्षेत्रफळात. स्वयंपाकघरातील तीस अंड्यांचा ट्रे घ्यावा. एका रांगेत ६ अंडी, अशा ५ रांगा. ट्रे फिरवून धरला की रांगेत ५ अंडी व रांगा ६. कोंबड्यांनी एकही अंडे अधिक घातलेले नाही! ६ × ५ आणि ५ × ६ एकच का, हे मुलास पुन्हा सांगावे लागत नाही, आणि पाठ करावयाचा पाढा जवळजवळ अर्धा होतो.

मुलांना प्राणी प्रिय असतात. तेव्हा उदाहरणे प्राण्यांचीच घ्यावीत. काही नमुने येथे देत आहोत.

पहिले. नेगेवच्या वाळवंटात ४ उंट उभे आहेत. त्यांच्या शेजारी ३ करकोचे उतरले आहेत आणि प्रत्येक करकोचा एका पायावर झोपला आहे. जमिनीवर पाय किती? घाईने उत्तर देणारा २२ म्हणेल. बरोबर उत्तर १९.

दुसरे. ७ कोळी, प्रत्येकाचे ८ पाय. एकूण किती? सात आणि आठ यांचा गुणाकार पुष्कळ मुलांना अडतो. चौकटीच्या वहीत ७ चौकटी रुंद व ८ चौकटी लांब असा आयत काढावा आणि लांबीच्या पाचव्या चौकटीपाशी कुंपणाची रेघ ओढावी. एका बाजूस ७ × ५ म्हणजे ३५, दुसऱ्या बाजूस ७ × ३ म्हणजे २१. मिळून ५६. अवघड गुणाकाराचे दोन सोपे तुकडे करता येतात, हे मुलाने एकदा पाहिले की त्याची भीती जाते.

तिसरे. कोकणातील आपल्या पूर्वजांच्या तेलघाण्याचा बैल रोज ४ घाणे काढतो. आठवड्याचे घाणे किती? नातू २८ म्हणाला तर त्यास विचारावे, ‘शब्बाथच्या दिवशी बैलाला विसावा नको काय?’ उत्तर २४. आपल्या लोकांना ‘शनवार तेली’ हे नाव का पडले, ते सांगण्यास याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

चौथे उदाहरण विशेष लक्ष देऊन करावे, कारण परिमिती व क्षेत्रफळ यांत मुलांची नेहमी गल्लत होते. शेळीसाठी कुंपण घालावयाचे आहे आणि जवळ जाळी आहे फक्त २४ मीटर. वहीतील एक चौकट म्हणजे एक मीटर धरून निरनिराळे आयत काढावेत. ११ × १ च्या वाड्यात ११ चौरस मीटर गवत, आणि शेळीला धड वळताही येणार नाही. १० × २ मध्ये २०, ८ × ४ मध्ये ३२, आणि ६ × ६ च्या चौरसात ३६. जाळी प्रत्येक वेळी तेवढीच, गवत मात्र तिपटीहून अधिक वाढले. शेळीने कोणता वाडा मागितला असता, हे मुलानेच सांगावे.

वही जवळ नसेल तर घरातील फरशी पुरते. जुन्या शिक्कूनांतील अनेक घरांत २० सेंटिमीटर बाजूच्या फरश्या आढळतात. मुलाने त्या स्वतः मोजाव्यात. तशा असतील तर ५ फरश्यांच्या ५ रांगा, म्हणजे २५ फरश्या मिळून एक चौरस मीटर होतो. त्यावर खेळण्यातील मेंढ्या उभ्या केल्या की शेत तयार!

थोड्या मोठ्या मुलांना दूनम आणि गुंठा यांची गाठ घालून द्यावी. ४० मीटर लांब व २५ मीटर रुंद कुरण म्हणजे १,००० चौरस मीटर, अर्थात एक दूनम. ते १० मेंढ्यांना सारखे वाटले तर प्रत्येकीस १०० चौरस मीटर मिळते. आता आजोबांचा गुंठा पाहू. तो ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा प्रत्येक मेंढीच्या वाट्यास जवळजवळ एक गुंठा आला, आणि दूनम दहा गुंठ्यांहून किंचित लहान ठरला. गावाकडची शेती ज्या मापाने मोजली जात असे ते माप आणि येथील माप नातवाने एकाच हिशेबात ओळखले.

रोज पंधरा मिनिटे पुरेत. उत्तर चुकले तर रागावू नये, चित्र काढण्यास सांगावे. मुलाने ‘लुआख हा-केफेल’ हिब्रूत म्हणावा, आजीने ‘सात सक बेचाळीस’ म्हणावे, आणि दोघांनी वहीतल्या चौकटी मोजून पाहाव्यात. चौकटी बेचाळीसच भरतील. मात्र त्या मोजताना नातवंडांच्या कानांवर मराठी पडेल, आणि आजी-आजोबांना आपली विद्या या घरात आजही कामाची आहे याचा प्रत्यय येईल.