खोकताना लघवी सुटते? लाजू नका, उपाय आहे

मानसरोवर स्टेशनचा जिना घाईने चढताना, हंडा उचलताना, नुसते शिंकले तरी थोडी लघवी सुटते. हे दुखणे अनेक घरांत आहे, पण बोलत कोणी नाही. "बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे व्हायचेच" म्हणून माताभगिनी कापडाची घडी लावतात आणि लग्नकार्याला, गावच्या एस.टी.ला जायचे टाळतात. काहीजणी तर कामाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. त्याने लघवी जळजळते, शौचाला खडा होतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

"व्हायचेच" हे आम्हाला मान्य नाही. मूत्राशय व गर्भाशय खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणात ती ताणते. जड ओझी, जुना खोकला, कुंथण्याची सवय यांनी सैल पडते. सैल स्नायू व्यायामाने घट्ट होतो, मग तो दंडाचा असो की इथला. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला. २०१८ मध्ये चौदा देशांतील अभ्यास एकत्र तपासले गेले. खोकता-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ज्या बायकांनी व्यायाम केला, त्यांच्यापैकी शंभरात ५६ जणींनी त्रास गेल्याचे सांगितले. न केलेल्यांत अवघ्या ६.

चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण आवळतो ना, तसेच शौचाची व लघवीची जागा आत, वर ओढून धरायची. आठ सेकंद धरा (सुरुवातीला तीनच जमतील, चालेल), तेवढाच वेळ सैल सोडा. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. पोट, मांड्या आवळू नका. लघवी करताना मध्येच थांबवण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. शिंक येतेय असे वाटले की आधी आवळा. भाकरी थापताना, लोकलमध्ये उभ्याने, कुठेही जमते. शेजारणीला कळतही नाही. पण तीन महिने नेम हवा. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणाऱ्याच फार!

पुष्कळजणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणून एकदा जाणकाराला दाखवावे. कामोठ्यातच एमजीएम रुग्णालय आणि त्यांचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. फिजिओथेरपी काही फक्त गुडघ्या-कंबरेची नसते. केसपेपर काढून स्त्रीरोग विभागात "लघवी सुटते" असे सरळ सांगा, बाई डॉक्टर हवी असेल तर तसेही सांगा. लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटत असेल, तर तीन महिने थांबू नका. आधी डॉक्टर गाठा.