कुत्र्याची काळी जीभ

पोट बिघडले की डॉक्टर आधी जीभ पाहतात. अन्नमार्गाची सुरुवात तोंडापासून होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कुत्र्याच्या जिभेने तर एका जीवनसत्त्वाचा शोध लागण्यास मदत केली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्रा या रोगाने गोरगरिबांना ग्रासले होते. कातडी काळवंडे, जुलाब लागत, बुद्धिभ्रंश होई आणि अनेकजण दगावत. हा रोग जंतूंमुळे होतो, असे पुष्कळांचे मत होते. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे तपासाचे काम आले. अनाथालयांतील मुलांना पेलाग्रा होई; पण त्यांच्यातच वावरणाऱ्या नोकरांना मात्र होत नसे. जंतू असा भेद करील काय? भेद होता तो ताटात! गरिबांच्या ताटात मुख्यतः मका, काकवी आणि डुकराची चरबी असे.

त्या भागातील कुत्र्यांना ‘काळी जीभ’ नावाचा रोग होई. तोंडात व्रण पडत, लाळ गळे, रक्ताचे जुलाब होत आणि शेवटी कुत्रे मरे. गोल्डबर्गर यांनी कुत्र्यांना पेलाग्राच्या रुग्णांसारखा आहार दिला, तेव्हा त्यांना हाच रोग झाला. त्यात यीस्ट मिसळताच रोग टळला. यीस्टमधले ते द्रव्य कोणते, हे कळण्यापूर्वीच, १९२९ साली, गोल्डबर्गर वारले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी आजारी कुत्र्याला निकोटिनिक आम्ल दिले. अवघ्या ३० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने कुत्रे झपाट्याने सुधारू लागले! हेच नायसिन जीवनसत्त्व. पुढे त्यानेच पेलाग्राचे रुग्णही बरे झाले.

पण याच्या अभावाचा फटका आतड्याला का बसावा? आतड्याच्या अस्तरातील पेशी काही दिवसांतच झडतात व नव्या तयार होतात. या सततच्या बांधकामाला ऊर्जा लागते आणि अन्नातून ऊर्जा मिळवताना पेशींना नायसिन लागते. मक्यातील बरेचसे नायसिन बांधलेल्या स्थितीत असते. ते सहज पचत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ते मोकळे होते.

मग दुकानातील जीवनसत्त्वांची पूड आपल्या कुत्र्याला रोज द्यावी काय? थांबा! त्या कुत्र्याला गुण आला, कारण त्याच्या आहारात उणीव होती. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय उपयोग? उलट ‘ड’ जीवनसत्त्व फार झाले, तर कुत्र्याच्या मूत्रपिंडांना इजा होते. माणसांच्या काही गोळ्यांत गोडीसाठी झायलिटॉल घालतात. ते तर कुत्र्याला विषच! म्हणून कुत्र्याचे पोट वारंवार बिघडत असेल, तर पशुवैद्याला दाखवावे.

तुमच्या घरी कुत्रा असेल, तर आठवडाभर त्याच्या थाळीत काय काय पडते ते वहीत लिहून काढा. पशुवैद्याला ती वही नक्कीच उपयोगी पडेल.