मेंदू तोच, यंत्र दुसरे

समजा, सत्तरीतल्या एका आजोबांना विसरायला होऊ लागले, म्हणून गेल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्या मेंदूचा एमआरआय झाला. यंदा ते मुलाकडे शहरात आले, तिथे पुन्हा झाला. नव्या अहवालात संगणकाने मोजलेला एक आकडा आहे. स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचे आकारमान वर्षभरात ४ टक्क्यांनी घटले आहे. घरातल्यांचे चेहरे उतरतात. ‘अल्झायमर आहे का?’ हा प्रश्न सगळ्यांच्या ओठांवर असतो. त्याआधीचा साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : दोन्ही तपासण्या एकाच यंत्रावर झाल्या होत्या का?

घरच्या काट्यावर वजन करून दवाखान्यात गेले, की तिथल्या काट्यावर अर्धा किलो जास्त दिसते. तासाभरात आपण अर्धा किलोने वाढलो, असे कोणी समजत नाही. फरक काट्याचा आहे, हे लगेच कळते. एमआरआयच्या बाबतीत मात्र आपण हे शहाणपण विसरतो. एवढे मोठे, महागडे यंत्र चुकेल कसे, असे वाटते. यंत्र चुकत नाही, पण प्रत्येक यंत्र थोडे वेगळे मोजते.

याचे मूळ तपासणीच्या पद्धतीत आहे. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ठरलेले मूल्य असते. पाण्याला शून्य आणि हवेला उणे १०००, मग यंत्र कुठलेही असो. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांना असे एकक नसते. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारे क्षीण संकेत टिपून ते चित्र बनते. ते किती उजळ दिसेल, हे चुंबकाची ताकद (१.५ टेस्ला की ३ टेस्ला), डोक्याभोवतीचे कॉइल, चित्र घेण्याची पद्धत आणि आतली संगणक प्रणाली यांवर ठरते. शिवाय चुंबकीय क्षेत्र यंत्राच्या मध्यापासून दूर गेल्यावर तितके अचूक राहत नाही आणि चित्र किंचित ताणले किंवा दाबले जाते. डोळ्यांना हे जाणवत नाही. पण करडा भाग कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो, ही सीमा संगणक उजळपणावरूनच आखतो. सीमा केसभर सरकली, की आकारमान बदलते.

हा फरक किती महत्त्वाचा? हिप्पोकॅम्पसची एक बाजू साधारण तीन घन सेंटिमीटरची असते. निरोगी वृद्धांमध्ये ती वर्षाला साधारण एक ते दीड टक्क्याने झिजते, अल्झायमरमध्ये तीन ते पाच टक्क्यांनी. म्हणजे निरोगी आणि आजारी यांच्यातला वर्षभराचा फरक पाण्याच्या दोन थेंबांइतका! नुसते यंत्र बदलल्यानेही एवढा फरक पडू शकतो.

अमेरिकेतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा, प्रकृती स्थिर असलेला एक ४५ वर्षांचा रुग्ण त्यांनी निवडला आणि सात केंद्रांवर प्रत्येकी दोनदा त्याचा एमआरआय केला. सगळी यंत्रे एकाच कंपनीची, सगळी ३ टेस्लाची आणि चित्र घेण्याची पद्धतही आधी ठरवून एकसारखी केलेली. मेंदू एकच, आजार जागच्या जागी. तरीही केंद्र बदलले की आकडे बदलत होते. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतकी काळजी घेऊन ही स्थिती, तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर, वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या चित्रांचे काय होत असेल, याची कल्पना यावी.

यंत्र तेच ठेवले तरी मोजणारी संगणक प्रणाली बदलू शकते. २०१२ मधल्या एका अभ्यासात तीच चित्रे एकाच प्रणालीच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्यांतून मोजली, तेव्हा मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्क्यांचा फरक आला. रुग्णाकडूनही भर पडते. तपासणीच्या वेळी डोके हलले तर मेंदूचा करडा थर प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जातो. २००५ मध्ये एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना सोळा तास पाणी दिले नाही, तेव्हा मेंदूचे आकारमान अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक घटले, आणि पाणी दिल्यावर भरून आले.

यावर उपाय आहेत. अल्झायमरच्या अभ्यासासाठी २००४ मध्ये अमेरिका आणि कॅनडात ‘एडीएनआय’ हा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात पन्नासहून अधिक केंद्रे होती. त्यांची यंत्रे पडताळण्यासाठी एक खास गोळा वापरला गेला. त्याच्या आत ठरलेल्या जागी दीडशेहून अधिक लहान गोळे बसवलेले होते. त्यांच्या खऱ्या जागा माहीत असल्याने कुठले यंत्र चित्र किती वाकवते, हे कळत असे. काटा तपासायला प्रमाणित वजन ठेवावे, तसाच हा प्रकार. केंद्राकेंद्रांतला फरक गणिताने वजा करण्याच्या पद्धतीही आता आहेत. पण त्या शेकडो लोकांच्या अभ्यासात उपयोगी पडतात. समोर बसलेल्या एकट्या रुग्णाचा आकडा त्यांनी सहज दुरुस्त होत नाही.

म्हणून एमआरआयवरचा विश्वास उडवू नये. पक्षाघात, गाठ, रक्तस्राव, मेंदूत साचलेले पाणी या गोष्टी कुठल्याही चांगल्या यंत्रावर दिसतात आणि त्यासाठी ही तपासणी मोलाचीच आहे. सावध राहायचे ते टक्क्या-दोन टक्क्यांच्या तुलनेबाबत.

त्यासाठी काही गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत. पुन्हा तपासणी करायची असेल तर शक्यतो त्याच केंद्रावर, त्याच यंत्रावर करावी. केंद्र बदलावेच लागले, तर आधीच्या तपासणीची सीडी सोबत न्यावी. नुसता कागदी अहवाल पुरत नाही. रेडिओलॉजिस्टला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहता आली पाहिजेत. उपाशी राहायला सांगितले नसेल तर नेहमीसारखे पाणी प्यावे. तपासणी चालू असताना डोके स्थिर ठेवावे. आणि ‘झीज वाढली आहे’ असे लिहून आले, तर यंत्र तेच होते का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

त्या आजोबांचे निदान नुसत्या ४ टक्क्यांवर होणार नाही. ते औषधे वेळेवर घेतात का, पैशांचा हिशेब जमतो का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, स्मरणशक्तीच्या चाचणीत किती गुण मिळतात, थायरॉइड आणि बी-१२ ठीक आहे का, हे सगळे पाहावे लागेल. ते सारे ठीक असेल आणि यंत्र मात्र बदललेले असेल, तर सहा महिने किंवा वर्षभर थांबून त्याच यंत्रावर पुन्हा मोजणे, हाच शहाणपणाचा मार्ग. नाहीतर यंत्रातला फरक रुग्णाच्या माथी आजार म्हणून मारला जातो, आणि एकदा घरात शिरलेली ‘अल्झायमर’ची भीती दुसऱ्या अहवालाने सहजासहजी बाहेर पडत नाही.